जे केले आहे, तेच लिहा

(सिकंदराबाद येथे शाखेच्या सभेनंतर मराठी सभासद व त्यांच्या मुलांपुढे शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बदल्या, क्वार्टर्सची दुरुस्ती, थकीत भत्ते हे विषय झाले. शेवटचा विषय आम्ही आग्रहाने ठेवून घेतला. आपली मुले संगणकाचे शिक्षण घेतात, अमीरपेठेत क्लास लावतात, आणि पहिल्या नोकरीच्या अर्जापाशी येऊन अडतात. जाहिरातीत अनुभव मागतात. नोकरीच नाही तर अनुभव आणायचा कुठून?

तुम्ही विचाराल, आम्ही मॅट्रिक शिकलेले, आम्हाला यातले काय कळते? संगणकातले फारसे कळत नाही. पण पंचवीस वर्षे आम्ही सभासदांच्या चार्जशीटांना उत्तरे लिहीत आलो आहोत. एस.एफ. 5 असो वा एस.एफ. 11, टपालातल्या बंधूंचे रूल 14 असो वा रूल 16, कागदावर काय टिकते आणि काय टिकत नाही, एवढे आम्हाला कळते.

काही महिन्यांपूर्वी यार्डातले एक पॉइंट्समन बंधू सोसायटीच्या कर्जाचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. जामीन म्हणून सही हवी होती. कर्ज कशासाठी, विचारले. आधी सांगेनात. मग म्हणाले, मुलगा बी.एस्सी. झाला, दीड वर्ष घरी आहे. एक एजंट ऐंशी हजारांत तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र, पगाराच्या स्लिपांसकट, काढून देतो.

आम्ही सही केली नाही. ते संतापले. म्हणाले, "भाऊ, तुमची पोरं लागली मार्गाला. माझ्या पोराच्या वेळीच तुम्हाला नियम आठवतात का?" हे बोलणे आम्हाला लागले. खोटे कशाला बोलावे?

तरी सही का केली नाही, ते ऐका. कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासून घेतात. ज्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, त्याच्या यू.ए.एन. नंबरावर कोणत्या मालकाने कोणत्या महिन्यात पैसे भरले, याची नोंद असते. तीन वर्षे नोकरी केली म्हणणाऱ्याच्या नावावर एकही महिना नसेल, तर पहिला प्रश्न तिथेच येतो. आपल्या खात्यातही खोट्या दाखल्यावर लागलेली माणसे कित्येक वर्षांनी नोकरीतून काढली गेली आहेत. एजंट ऐंशी हजार घेऊन मोकळा होतो. हप्ते बापाच्या पगारातून जातात आणि डाग पोराच्या नावाला लागतो.

पण नुसते "नाही" म्हणून आमचे काम संपत नव्हते. रविवारी बापलेकांना युनियन ऑफिसात बोलावले. मुलाने बायोडेटा आणला. तीन पाने. फोटो, वडिलांचे नाव, धर्म, आधार नंबर, छंद क्रिकेट, आणि "मी मेहनती व प्रामाणिक आहे." आम्ही विचारले, "तू स्वतःच्या हाताने काय केलंस?" म्हणाला, "काही नाही, काका." तेव्हा बापच बोलला, "अरे, माझ्या नाइटचा हिशेब करायचं ते काय बनवलं होतंस?"

मुलाने पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. रोस्टरमधल्या ड्यूटीच्या वेळा घातल्या की रात्री 10 ते सकाळी 6 मधले तास महिनावारी निघत. पहिल्यांदा हिशेब चुकत होता, कारण रात्री 12 वाजता तारीख बदलते. ती चूक त्याने आठ दिवस खपून शोधली. बापाने त्यावरून भत्त्याची स्लिप पडताळली. आणि हा मुलगा म्हणतो, काही केले नाही!

मित्रहो, पहिल्या अर्जात हेच लिहायचे असते. त्या रविवारी ठरले ते सांगतो.

अर्ज एक पानाचा करा. वर नाव, फोन, ई-मेल, गाव. आधार नंबर, धर्म, जात, वडिलांचा हुद्दा यांची तिथे गरज नाही. रेल्वेचा फॉर्म वेगळा, हा कागद वेगळा.

मग केलेली कामे लिहा. प्रत्येकाला तीन ओळी: अडचण काय होती, तुम्ही काय केले, उपयोग कोणाला झाला. आम्ही चार्जशीटचे उत्तर असेच लिहितो. "सभासद प्रामाणिक आहे" असे लिहून कोणी सुटत नाही. तारीख, वेळ आणि रजिस्टरची नोंद द्यावी लागते. कॉलेजचा प्रकल्प, कॅन्टीनच्या उधारीचा तक्ता, पेन्शनरांचे जीवन प्रमाण भरून देणे, हेही काम आहे. मात्र जसे केले तसेच लिहा.

जे येते तेवढेच लिहा. ज्या विषयावर दहा मिनिटे प्रश्न झेलता येणार नाहीत, तो "शिकत आहे" या सदरात टाका. जाहिरातीत मागितलेली गोष्ट येत असेल, तर जाहिरातीतलाच शब्द वापरा; पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी संगणकच चाळतो. म्हणून चौकटी, रंग, नक्षीही नको.

प्रोग्राम गिटहबवर ठेवा म्हणजे समोरच्याला उघडून पाहता येतो. पण खरा रोस्टर, सहकाऱ्यांची नावे त्यात ठेवू नका. शिकायचे राहिले असेल तर एन.पी.टी.ई.एल. आणि स्वयंवरचे पाठ फुकट आहेत; परीक्षा द्यायची तरच फी लागते.

आता अर्ज संगणकाकडून लिहूनही मिळतो. भाषा सुधारून घ्यायला हरकत नाही, पण रात्री 12 चा घोळ त्याला ठाऊक नसतो. तो तुम्हीच सांगायचा.

त्या मुलाने चाळीसच्या वर अर्ज केले. तीन ठिकाणी बोलावणे आले. दोन ठिकाणी नकार. तिसऱ्या ठिकाणी त्याला अर्धा तास त्या रात्रीच्या हिशेबाबद्दलच विचारले. तिथे तो चाचणी विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून लागला. पगार बेताचा आहे. सगळ्यांना असे यश येईल, असे आम्ही म्हणत नाही. जागा थोड्या, उमेदवार फार, हा दोष मुलांचा नाही आणि त्यासाठी भांडायचे काम युनियनचे आहे. पण सोसायटीचे कर्ज वाचले, आणि मुलगा मान वर करून कामावर जातो.

दर रविवारी 10 ते 12 ऑफिस उघडे राहील. नोकरीला लागलेली आपली दोन-तीन मुले मदतीला येणार आहेत. हा पॉइंट्समनचा मुलगाही येईल. आणि सभासदांनो, मुलांबरोबर तुम्हीही या. पोराने काय केले आहे, ते कधीकधी बापालाच आठवते.

कामगार एकजुटीचा विजय असो!