पिसवांचा बंदोबस्त : घर, गोठा आणि गाव



सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा कडक आणि हवा कोरडी. पिसूच्या अळीला ही कोरडी हवा मानवत नाही. उघड्या उन्हात ती तग धरत नाही. तरीही धाब्याच्या घराचा अंधारा कोपरा, गोठ्यातील दमट माती, कुत्र्याच्या अंगाखालचे पोते अशा सावलीच्या जागी तिचा निभाव लागतो आणि मृगाच्या सरी पडल्या, हवेत ओल आली, की तिची संख्या झपाट्याने वाढते. म्हणून पिसवांचा बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीच सुरू करणे इष्ट होय.

पिसू कुत्र्याच्या अंगावर दिसते, त्यामुळे उपाय कुत्र्यापुरताच केला जातो. येथेच चूक होते. मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते; परंतु ती अंगावर टिकत नाहीत, जमिनीवर गळतात. त्यांतून निघालेली अळी पिसवांच्या विष्ठेतील सुकलेल्या रक्तावर जगते आणि पुढे कोश विणून त्यात राहते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के असतात. बाकीची प्रजा जमिनीच्या भेगांत, अंथरुणात व धुळीत असते.

कोशातील पिसू कित्येक महिने स्वस्थ पडून राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब व श्वासातील वायू यांची चाहूल लागताच ती बाहेर पडते. सुटीत ज्या शाळेच्या पडवीत कुत्री व्याली असेल, तिचे वर्ग जूनच्या मध्यास उघडताच मुलांच्या पायांवर पिसवा का चढतात, याचे उत्तर यात आहे. पिसवा आहेत की नाहीत, हे शिक्षकांना सहज पडताळता येते. जनावराच्या केसांतून फणीने काढलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसूची विष्ठा समजावी.

बंदोबस्त जनावर, घर व गोठा या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी झाला पाहिजे. कुत्र्याला साबणाच्या पाण्याने आंघोळ घालून बारीक दातांच्या फणीने विंचरावे. फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी, म्हणजे पिसवा बुडून मरतात. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच लावावे. कुत्र्यासाठी असलेली परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराला घातक ठरतात. पिकावर फवारण्याचे औषध जनावराच्या अंगाला कदापि लावू नये. एके काळी घरोघर वापरल्या जाणाऱ्या बीएचसी पावडरीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. जुना साठा कोठे उरला असल्यास त्यास हात लावू नये.

चादरी, गोधड्या व जनावराखालची पोती उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. भिंतींच्या व जमिनीच्या भेगा बुजवून कोनाकोपरा झाडावा, केर जाळावा. कोशांवर औषधाचा परिणाम फारसा होत नाही; त्यामुळे पहिल्या सफाईनंतरही काही दिवस पिसवा दिसतात. उपाय व्यर्थ गेला असे समजू नये. दोन आठवड्यांनी तीच सफाई पुन्हा करावी.

हा प्रश्न केवळ खाजेचा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, ती पुढे इलाखाभर पसरली. १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने मृत्यू आला. उंदरावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराची येथे दाखवून दिले. त्या वेळी कराची मुंबई इलाख्यातच होते. ही केवळ इतिहासजमा गोष्ट नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातही अनेक कुटुंबे तडे गेलेली घरे सोडून बाहेर राहिली आणि घरांतील धान्यावर उंदीर पोसले. ऑगस्ट १९९४ मध्ये त्या जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले.

ज्वारीच्या कणग्या व पोती घरोघर असणाऱ्या सोलापूर जिल्ह्याने यातून बोध घ्यावा. धान्य उंदरांपासून सुरक्षित ठेवावे. मात्र उंदीर आपोआप मरू लागले, तर त्यांना हात लावू नये आणि लगेच उंदीर मारण्याची मोहीमही काढू नये; कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरील उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. आधी पिसू, मग उंदीर, हा क्रम आहे. अशी घटना दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. प्रतिजैविक औषधांनी प्लेग बरा होतो. मात्र उपचार वेळेवर सुरू झाले पाहिजेत.

एका घराने सफाई केली आणि शेजारच्या गोठ्यात पिसवा राहिल्या, तर श्रम वाया जातात. स्वच्छता हे ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांपैकी एक आहे. मृगापूर्वी एक दिवस ठरवून सर्व गल्ल्या, गोठे, शाळा व चावडी एकाच वेळी झाडून घेतली आणि दोन आठवड्यांनी तेच काम पुन्हा केले, तर थोड्या खर्चात गावाचे आरोग्य राखले जाईल.