दात्यांच्या अमळनेरात आपले स्वागत

महाराष्ट्रभरातून आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बंधुभगिनींनो आणि माझ्या अमळनेरकरांनो,

बोरी नदीच्या काठच्या, संत सखाराम महाराजांच्या या गावात परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. मी आडत दुकान चालवणारा माणूस, प्रताप महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी, आणि तोही कॉमर्सचा. आपल्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. गावाविषयी बोलण्याचा आहे, तेवढा मी बजावतो.

तरी एक धागा सांगतो. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडला की तेल घट्ट होते, हे आपण वर्गात शिकवता. या एका क्रियेच्या आधारावर मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे मूळ नाव. आज जग तिला विप्रो म्हणून ओळखते. त्या काळी घेतलेले तिचे शेअर इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान् पिढ्या जपले गेले. आणि त्याच १९४५ साली आपण जिथे बसलो आहोत ते प्रताप महाविद्यालय सुरू झाले.

हे नाव ज्यांचे, ते श्रीमंत मोतीलाल माणेकचंद, म्हणजे आमचे प्रतापशेठ. गिरणीचे मालक म्हणून ते गावाला ठाऊक होते, पण बाहेरगावच्या पाहुण्यांना त्यांच्याविषयी विचारले तर बहुतेकांना काही सांगता येत नाही, याची मला खंत वाटते. १९१६ साली मुंबईच्या वल्लभदास शेठजींच्या साथीने त्यांनी इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. जरा विचार करा. खान्देशातले तालुक्याचे गाव, भोवती कापसाचे रान, आणि एक गिरणीमालक पैसे घालतो ते माणसांनी इथे राहून वेदान्ताचा विचार करावा म्हणून! त्यातून नफा काय मिळणार होता? तरीही कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक म्हणून आले. टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास यांच्यासारखे अभ्यासक इथे राहिले. प्रा. जी. आर. मलकाणी यांनी तर आपले आयुष्यच या संस्थेला दिले, आणि त्यांच्या संपादनाखाली ‘द फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक अमळनेरहून देशोदेशी जात राहिले. आपल्यापैकी ज्यांना सवड होईल त्यांनी ती वास्तू पाहिल्याशिवाय गाव सोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

याच तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अमळनेरात आला. १९२४ साली तो इथल्या शाळेत शिक्षक झाला, पुढे वसतिगृहाचा प्रमुख झाला. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुणारे साने गुरुजी ते हेच. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. १९३० साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. प्रतापशेठनी पैसे दिले ते तत्त्वज्ञानासाठी. त्या पैशांमुळे गावातल्या मुलांना असा शिक्षक मिळेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. देणगीचा हिशोब मी याच रीतीने करतो. पावतीवर जे काम लिहिलेले असते, त्याच्या कितीतरी पुढे तो पैसा जातो.

आज अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचे पगार शासन देते. पण पाड्यावरच्या मुलीला एसटीच्या पासाला पैसे नसले, संशोधन स्पर्धेसाठी निवडलेल्या मुलाकडे पुण्याला जायचे भाडे नसले, की ती रक्कम कोणत्या शीर्षकाखाली काढायची? तिथे दाता लागतो. माझ्या विद्यार्थिदशेत मला गरीब विद्यार्थी निधीतून पुस्तके मिळाली. त्यामागचे पैसे कोणाचे होते ते मला आजतागायत कळलेले नाही. म्हणून मी दर वर्षी थोडे घालतो आणि नाव छापू नका म्हणून सांगतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर गावात भरते, तेव्हा शासनाची तरतूद असते, तरी कुणाच्या घरून भाकरी येतात, कुणी भाजी देतो, कुणी बंधाऱ्यासाठी दगडमातीचा ट्रॅक्टर पाठवतो. यांचा आकडा कोणत्याही अहवालात सापडत नाही. तरी माझ्या मते महाविद्यालयाला गावाशी बांधणारी खरी देणगी तीच, कारण तिथे देणाऱ्याला मुलांची तोंडे दिसतात. मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करायला सांगणारा कायदा २०१३ साली आला. तो पैसाही हवा आहे, प्रयोगशाळांना फार हवा आहे. मात्र कंपन्यांच्या प्रतिनिधींना माझे सांगणे आहे की इमारतीवर पाटी लावून परत फिरू नका. वर्षातून एकदा या, तुमच्या पैशाने शिकलेल्या मुलांशी बोला, त्यांना अजून काय कमी पडते ते विचारा.

आता आमच्या उणिवा. अमळनेरात मोठी हॉटेले नाहीत. आपली सोय वसतिगृहात आणि काही कुटुंबांच्या घरी केली आहे. खोल्या लहान आहेत, उकाडा आहे आणि पंखे कमी पडले आहेत. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून टँकर मागवले आहेत. तरी पहाटे अडचण झाली तर स्वयंसेवकांना नि:संकोच उठवा. भुसावळ-सुरत मार्गावरच्या रात्रीच्या गाड्यांनी येणाऱ्यांना स्टेशनवर ताटकळावे लागले असेल, त्याबद्दल क्षमा असावी. जेवण खान्देशी आहे. कळण्याची भाकरी, भरीत आणि शेवभाजी. तिखट सोसत नसेल त्यांच्यासाठी वेगळी आमटी ठेवली आहे.

आभार मानायचे ते किती जणांचे! बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी धान्य आणि तेल दिले. गाद्या-उशा मंडपवाल्यांनी भाडे न घेता दिल्या. माजी विद्यार्थ्यांनी, त्यांत परदेशात असलेल्यांनीही, निधी पाठवला. महिला मंडळाच्या भगिनी पहाटेपासून स्वयंपाकघरात आहेत. हमाल बांधवांनी आपल्या वर्गणीतून चहाचा खर्च उचलला आहे, आणि हे सांगताना माझा ऊर भरून येतो. कोणाचे नाव राहून गेले असेल तर तो दोष सर्वस्वी माझा मानावा.

परिषदेचा हिशोब झाल्यावर जी शिल्लक उरेल ती समितीने ठरवल्याप्रमाणे गरीब विद्यार्थी निधीत जमा होईल. दाराशी त्यासाठी पेटी आणि पावतीपुस्तक ठेवले आहे. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.