गिअर पडत नाही? आधी इंजिन बंद करा

आजचा भाग मॅन्युअल गिअरची गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. तक्रार एकच: गिअर पडत नाही. पहिला टाकताना दांडा अडतो, रिव्हर्सला खर्रर्र आवाज येतो, कधी दोनदा क्लच मारल्यावर बसतो. गॅरेजमध्ये जाऊन आपण म्हणतो, "गिअरबॉक्सचं काहीतरी झालंय." इथेच खर्चाची दिशा ठरते, कारण गिअरबॉक्स हे नाव मेकॅनिकने नाही, आपणच पुढे केलेलं असतं.

मी मेकॅनिक नाही. बी.टेक. झालोय आणि दिवसभर कोड लिहितो. पण बिघाड शोधण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. संशयाच्या जागेचे दोन भाग करायचे आणि एक भाग आधी बाद करायचा. गाडीत ही चाचणी दोन मिनिटांची आहे, पाना-पेंचकसही लागत नाही.

आधी आत काय होतं ते थोडक्यात समजून घेऊ. पुढे जायच्या गिअर्सची चाकं एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आतली एक कडी सरकते आणि हव्या त्या चाकाला शाफ्टशी जखडते. दोघांचा फिरण्याचा वेग जुळला तरच ती कडी सुखासुखी बसते. वेग जुळवायचं काम सिंक्रोनायझर नावाची रिंग करते, बहुतेकदा पितळेची. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय गाड्यांत आणली. त्याआधी ड्रायव्हरला डबल क्लच मारून पायाने वेग जुळवावा लागायचा.

पण ती रिंग छोटीशी असते. क्लच दाबल्यावर इंजिनपासून सुटलेला हलका शाफ्ट ती सहज आवरते. क्लच पूर्ण सुटलाच नाही, तर तिला मिनिटाला ८००च्या आसपास फेरे घेणाऱ्या अख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. ते तिला जमत नाही, म्हणून ती कडीची वाट अडवते. आपल्या हाताला वाटतं, गिअर अडकला. प्रत्यक्षात गिअरबॉक्स ठणठणीत असतो, सुटत नसतो तो क्लच.

आता पहिली चाचणी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा अडला तर न्यूट्रलला आणून क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, कारण कधीकधी नुसते दातासमोर दात आलेले असतात. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर. इंजिन बंद असतानाही तितकेच जड पडतात, तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबल, त्यांचे बुश, नाहीतर गिअरबॉक्सचा आतला भाग.

दुसरी चाचणी क्लचवरचा संशय पक्का करते. समोर-मागे कुणी नाही ना, ते बघा. पाय ब्रेकवर, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे घाईत टाकला तर थोडा आवाज येणारच. पण थांबूनही खर्रर्र झालं, तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच सुटत नाहीये.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. क्लचप्लेट झिजून घसरायला लागली की गाडी नुसती रेस होते, ओढत नाही, पण गिअर नीट पडतात. आपली तक्रार याच्या बरोब्बर उलट आहे. दोन्हींना आपण "क्लच गेला" म्हणतो, पण इलाज वेगळे आहेत.

माझा मामा सातारा जिल्ह्यात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. ऐन सहामाहीच्या दिवसांत तिचे पहिला आणि रिव्हर्स पडेनात. एका गॅरेजने गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून २२,००० रुपयांचा अंदाज दिला आणि चार दिवस गाडी ठेवायला सांगितली. चार दिवस व्हॅन बंद म्हणजे मुलं शाळेत जाणार कशी, आणि पालकांनी दुसरी व्हॅन धरली की ती परत थोडीच येतात? मामाने मला फोन केला. मी म्हटलं, "मामा, आधी इंजिन बंद कर आणि सगळे गिअर टाकून बघ."

"अरे, बंद गाडीत गिअर टाकून काय कळणार?"

"टाक तर खरं."

थोड्या वेळाने आवाज आला, "आयला, सगळे पडतायत की!"

त्याने व्हॅन दुसऱ्या मेकॅनिककडे नेली आणि एवढंच सांगितलं: बंद गाडीत पडतात, चालू गाडीत पडत नाहीत. त्या माणसाने सरळ क्लचची केबल तपासली. टोकाशी तिच्या तारा तुटत आल्या होत्या. पेडल पूर्ण दाबलं तरी तिकडे ओढ पुरेशी पोचत नव्हती. नवी केबल आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन शाळेच्या फाटकात होती.

म्हणून क्लचवर संशय आला की स्वस्तातून महागाकडे जा. पहिल्यांदा पायाखालचं मॅट बघा. जाड मॅट पेडलखाली सरकलं की पेडल तळापर्यंत जातच नाही. मग केबल असेल तर ती आणि तिचं ॲडजस्टमेंट. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल भराभर तीन-चार वेळा मारून गिअर पडतो का बघा. पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलेंडर गळतोय. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलचा डबा एकच असतो. त्याची पातळी उतरत असेल तर तो ब्रेकचाही प्रश्न आहे, उद्यावर टाकू नका.

हे सगळं ठीक निघालं तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बघायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण लक्षात ठेवा, गिअरबॉक्स उतरवणं वेगळं आणि उघडणं वेगळं. बिल कशाचं आहे, ते आधी विचारून घ्या.

गिअरबॉक्सचे खरे दुखणे कसे ओळखायचे? एकच गिअर कुरकुरतो, बाकीचे गुळगुळीत पडतात. डबल क्लच मारला की तोही गप बसतो. तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलाय. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो, तर आतले दात, स्प्रिंग किंवा इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग बघायला हवी. फक्त सकाळी थंड असताना जड पडतो, तर गिअर ऑइल तपासा, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच भरा.

"चालतंय तोवर चालवू" असं मात्र करू नका. न सुटणाऱ्या क्लचवर रोज दांडा रेटला की सिंक्रोनायझर झिजतात आणि केबलचं दुखणं खरोखर गिअरबॉक्सचं होतं. दुसरी गोष्ट घाटाची. उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलात आणि तो पडलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशा वेळी दांड्याशी झगडू नका, इंजिनही बंद करू नका. ब्रेक लावून वेग उतरवा, जुना गिअर पडत असेल तर तो टाका आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा.

गॅरेजला जाताना चारच गोष्टी सांगा: इंजिन बंद असताना गिअर पडतात का, कोणकोणते अडतात, पेडल पुन्हा पुन्हा मारल्यावर फरक पडतो का, आणि गाडी थंड असताना त्रास जास्त की गरम झाल्यावर. निदान मेकॅनिकला करू द्या, आपण लक्षणं नीट सांगू.

तर आज गाडी लावल्यावर, किल्ली काढायच्या आधी, ही बंद इंजिनाची चाचणी एकदा करून बघा. गाडी ठणठणीत असताना गिअर हाताला कसे लागतात ते माहीत असेल, तर बिघडल्यावर लगेच कळेल. भेटू पुढच्या भागात!