चाकांवरचे घर आणि रजेचा हिशेब



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाला व्याख्यानमालेच्या चालकांनी प्रवासावर बोलायला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. न्यू जर्सीतल्या पुतण्याने बोलावले, तिकिटेही त्यानेच काढली. आमच्या सौभाग्यवतींची धाकटी बहीण शिकागोस, भाची सान फ्रान्सिस्कोजवळ. तेव्हा या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत एकाच फेरीत सारे सोयरे भेटावेत असा बेत ठरला आणि त्यासाठी मोटारघर भाड्याने घेतले. तिकडे त्याला आर. व्ही. म्हणतात.

मोटारघर म्हणजे टेम्पोवर चढवलेली खोली. तीत बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी, संडास, सारे काही. पोटात तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. मागच्या दोन भरल्या की ठरलेल्या तळावर जाऊन, जाड नळी जोडून रिकाम्या करायच्या. हे काम आम्ही पहिल्याच दिवशी आपल्याकडे घेतले. पुतण्याला संकोच वाटला. आम्ही म्हटले, "अरे, सफाई कामगारांचे अर्ज वीस वर्षे लिहिले, आता जरा हातही लागू दे." पेट्रोलच्या बाबतीत मात्र हे जनावर अधाशी. लिटरला जेमतेम चार किलोमीटर!

पुतण्याला वर्षाची भरपगारी रजा दहा दिवस. अलीकडचे-पलीकडचे शनिवार-रविवार धरून सोळा दिवस झाले. तेवढ्यात सुमारे पाच हजार किलोमीटर आणि तीन घरे बसवायची. आम्ही विचारले, कायद्याने रजा किती? तो म्हणाला, "काका, कायद्याने काहीच नाही." आम्हांस खरे वाटेना, म्हणून शोधून वाचले. गोष्ट खरी आहे. १९३८ च्या कायद्याने तिथे आठवड्याचे तास आणि जादा कामाचा दर बांधला, पण खाजगी नोकरास भरपगारी सुट्टी द्यावी असा देशाचा कायदा आजही नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा बांधून दिली होती. श्रीमंत देशात जे मर्जीवर आहे ते आपण हक्काने मागितले, हे पुतण्याच्या बायकोला फार गमतीचे वाटले.

मोटारघराच्या पाठीशी चार सायकली बांधलेल्या होत्या. आमच्या पिढीला सायकल म्हणजे पहिली पाळी आणि हँडलला अडकवलेला डबा. हौसेखातर सायकल चालवण्याचा योग पन्नाशी उलटल्यावर आला, तो पिट्सबर्गास. तिथून कंबरलंडपर्यंत सुमारे २४० किलोमीटरची सायकलवाट आहे. ती बहुतेक बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरून जाते आणि २०१३ साली पुरी झाली. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून वाट सपाट. आमच्या गुडघ्यांना हे मानवले. पुतण्याने नकाशा उघडला, त्यात होमस्टेड हे नाव दिसले, आणि मग बाकीचा कार्यक्रम आम्ही रद्द करायला लावला.

मोनोंगहेला नदीच्या काठी होमस्टेडला कार्नेगीचा पोलादाचा कारखाना होता. १८९२ सालच्या उन्हाळ्यात कार्नेगीसाहेब स्कॉटलंडात होते. त्यांचा कारभारी फ्रिक याने टाळेबंदी केली, कारखान्याभोवती भक्कम कुंपण घातले आणि पिंकर्टन कंपनीची तीनशे माणसे दोन पडावांतून रातोरात नदीने आणली. ६ जुलैच्या पहाटे कामगार आणि त्यांच्या बायका काठावर येऊन उभ्या राहिल्या. दिवसभर गोळ्या चालल्या, दोन्हीकडची माणसे मेली, अखेर पिंकर्टनवाले शरण आले. पण मागोमाग राज्याची फौज आली आणि संघटना मोडली. त्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने युनियनला मान्यता दिली ती १९३७ साली! मधल्या काळात तिथे बारा तासांची पाळी होती. ती १९२३ पर्यंत टिकली. होमस्टेडच्या दोनच वर्षे आधी, १८९० साली, मुंबईच्या गिरणी कामगाराला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने रविवारची सुट्टी मिळाली होती. बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस बहिणीकडे भाऊबीजेला जाणार केव्हा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

कारखाना १९८६ साली बंद झाला. आता तिथे दुकाने आणि सिनेमा आहे. विटांची धुराडी रांगेने राखून ठेवली आहेत, लोअर परळला एका मॉलात ठेवले आहे तसेच. जुने पंपघर मात्र नदीकाठी शाबूत आहे. त्याच्या भिंतीला सायकली टेकवून आम्ही दशम्या खाल्ल्या.

शिकागोचे दोन दिवस मेहुणीच्या पाहुणचारात गेले. हेमार्केटचे स्मारक तिच्या घरापासून अर्ध्या तासावर, पण तिने कधी पाहिले नव्हते.

पुढे नेब्रास्कात एका तळावर पांढऱ्या केसांचे एक जोडपे भेटले. त्यांचेही मोटारघरच, पण परतायला दुसरे घर नाही. तळाचे संडास धुवायचे, सरपण विकायचे, त्याबदली जागा आणि थोडा पगार. शरदात बीटच्या हंगामावर उत्तरेकडे जाणार होते. आम्हांस बीड-नगरचे ऊसतोडणी कामगार आठवले. तेही साखरच, आणि तेही घर पाठीवर. अशा माणसांवर जेसिका ब्रुडर या बाईंनी २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले, त्यावरचा चित्रपट गाजला. त्यातले नेव्हाडाचे एम्पायर गाव आमच्या रस्त्यापासून फार दूर नव्हते. तिथला जिप्समचा कारखाना २०११ च्या जानेवारीत बंद झाला आणि त्याच वर्षी गावाचा पिनकोडसुद्धा काढून टाकला.

भाचीकडे पोहोचलो तेव्हा भाचेजावयाची नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते. व्हिसा नोकरीशी बांधलेला. नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा किंवा दुसरी वाट काढायची, नाही तर देश सोडायचा. घर हप्त्यावर घेतलेले, मुलगी दुसरीत. रात्री मुलगी झोपल्यावर त्याने विचारले, "मामा, युनियन काढायला माणसे किती लागतात?" आम्ही सांगितले, तुमच्या कायद्यात तीस टक्क्यांच्या सह्या झाल्या की मतदान मागता येते. त्याने कागद घेतला आणि आपल्या खात्यातली नावे लिहू लागला. बरीच नावे लिहून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की त्यांतले निम्मे त्याच्याबरोबरच कमी झाले आहेत. मग उरलेल्यांपैकी कोणाला फोन करावा, यावर आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो.