बालकाचा सांगाती
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव म्हणजे ईश्वराने केलेल्या उपकारांचे स्मरण करण्याचा समय. ह्या धर्मग्रामास आजवर काय काय लाभले, हे इतर वक्ते सांगतीलच. मजकडे सोपविलेला विषय निराळा आहे. आपणांस जे लाभले त्यातून दुसऱ्याच्या लेकराला आपण काय देणार, हा तो प्रश्न होय. पैसा देऊन ह्या प्रश्नातून मोकळे होणे सोपे आहे. म्हणूनच मी आज आपणांपाशी पैसा मागत नाही. वेळ मागतो, आणि तोही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, खंड न पाडता.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या स्नानसंस्काराच्या वेळी आईबापांशेजारी आणखी कोणी तरी उभे होते: धर्मपिता किंवा धर्ममाता. १९८३ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणे बालकाच्या आईबापांस हे पद घेता येत नाही, आणि घेणाराचे वय सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण झालेले असावे लागते. ह्या नियमाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. आईबापांची माया कितीही मोठी असो, मुलास घराबाहेरचे एखादे जाणते माणूस हक्काचे असावे, असा ख्रिस्तसभेचा अनुभव आहे. तथापि आपल्यात हे नाते पुष्कळदा त्या दिवसाच्या अंगठी-झबल्यापाशीच थांबते. ते पुढे चालवावे. इतकेच नव्हे, तर ज्या मुलांना असे कोणीच नाही त्यांच्यापर्यंत ते न्यावे, असे माझे सांगणे आहे.

अशी मुले शोधावयास दूर जावे लागत नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ह्या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेकडील शिवार हिरवे केले. पाण्यामागून ऊस आला. उसामागून जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आले. आणि कारखान्यांमागून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, शेवगाव अशा कोरडवाहू मुलखातून ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या. नवराबायकोच्या जोडीस त्यांच्या व्यवहारात एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडावयाची असते. म्हणून पहाटेच्या काळोखात दोघेही फडावर जातात. मागे कोपीत राहते ते लेकरू. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरते, भाकरी थापते, आणि वर्ष निम्मे झाले असता तिची गावाकडील शाळा सुटलेली असते. पाडव्याच्या सुमारास टोळी परतते, तेव्हा तिच्या वर्गातील मुले पुष्कळ पुढे गेलेली असतात. असे दोनचार हंगाम गेले की ती मुलगी शाळेचे नाव काढीत नाही. आणि पुढे तिच्याही हाती कोयता येतो.

कायदा ह्या मुलीच्या बाजूचा आहे, हे आपणांस ठाऊक असावे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क दिला आहे. दाखला आला नाही किंवा जन्माचा कागद नाही, ह्या कारणास्तव शाळेस त्यास परत पाठविता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डाचीही सोय आहे. परंतु कायदा कोपीच्या दारापर्यंत आपल्या पायांनी चालत जात नाही. त्या मुलीचा हात धरून तिला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेणारे, गुरुजींशी दोन शब्द बोलणारे, आणि पुढच्या आठवड्यात 'ती येते का?' म्हणून विचारणारे कोणी तरी लागते. हे काम मोठ्या विद्वानाचे नाही. ते सांगात्याचे आहे.

८ डिसेंबर १८४१ ह्या दिवशी, निष्कलंक मातेच्या सणास, इटलीतील ट्युरिन शहरी एक तरुण धर्मगुरू मिस्साबलिदानाची तयारी करीत होते. थंडीमुळे आत शिरलेल्या एका पोरक्या मुलास, मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून, तेथील सेवकाने मारून हाकलले. धर्मगुरूंनी त्यास परत बोलाविले. तुला वाचता येते का, गाता येते का, असे विचारता प्रत्येक वेळी 'नाही' असेच उत्तर आले. शेवटी, शीळ तरी घालता येते का, असे विचारताच तो मुलगा हसला. ते धर्मगुरू म्हणजे संत डॉन बॉस्को, आणि तो मुलगा बार्थोलोम्यू गारेल्ली, परगावाहून गवंडीकामास आलेला. म्हणजे तोही पोटासाठी घर सोडून आलेल्या मजुरांपैकीच होता! डॉन बॉस्को पुढे अशा मुलांना केवळ रविवारी भेटून थांबले नाहीत. आठवड्यात ते त्यांच्या कामाच्या जागी जात, मालकांशी बोलत. १८५० नंतरच्या काळात, मुलाकडून धंद्याबाहेरचे काम घेऊ नये, त्यास मारू नये, सणावारी सुट्टी द्यावी, असे करार ते मालकांकडून लिहून घेत. एका मुलाच्या हसण्यापासून निघालेले हे कार्य आज जगभर पसरले आहे; परंतु त्याचा आरंभ देणगीतून झाला नाही, विचारपुशीतून झाला.

कोणी म्हणेल, 'ही मुले पाच महिन्यांनी निघून जाणार. मग लळा लावून काय उपयोग?' शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला तोबिताच्या ग्रंथात सापडते. अंध झालेल्या तोबितास आपल्या तरुण पुत्रास ठेवीचे द्रव्य आणण्यासाठी दूर देशी धाडावयाचे होते. वाटेवर सोबत करावयास जो वाटाड्या मिळाला, तो राफाएल देवदूत होता, हे कोणास ठाऊक नव्हते. त्याने मुलास वाटेतील संकटांतून सांभाळून नेले, कार्य सिद्धीस नेले, घरी आणून पोहोचविले, आणि देऊ केलेली संपत्ती न घेता निरोप घेतला. ती सोबत जन्मभराची नव्हती. एका वाटेची होती. परंतु त्या वाटेवर त्याने मुलास कोठेही एकटे सोडले नाही. आपल्या सांगातीपणाची मर्यादा हीच, आणि त्याची थोरवीही हीच. जितका हंगाम तितके वचन द्यावे. पण दिलेले वचन पुरे पाळावे.

नाताळात कोप्यांवर फराळ आणि कपडे घेऊन जाणे चांगलेच आहे. परंतु एक दिवस येऊन पुन्हा न फिरकणारी पुष्कळ माणसे त्या मुलांनी पाहिलेली असतात. पाच महिन्यांचे सुमारे वीस आठवडे होतात. आठवड्यातून दोन तास म्हटले, तर सारे मिळून चाळीस तास भरतील. एका मुलासाठी एका प्रौढाने एवढा वेळ द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्या वेळात वाचन घ्यावे, पाढे म्हणून घ्यावेत, गोष्ट ऐकावी आणि सांगावी. मुलाच्या बोलीस हसू नये. धाकटे भावंड कडेवर असेल, तर त्यासही बसवून घ्यावे. बिबट्याचे भय आपल्या भागात सर्वांस ठाऊक आहे. ऊस तुटू लागला की त्याचा आसरा जातो आणि तो वस्तीकडे वळतो. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुले आपापल्या माणसांत पोहोचलीच पाहिजेत. टोळी निघण्याआधी मुलाने येथे काय शिकले ते एका वहीत लिहून द्यावे, आणि शाळेचे कागद बापाच्या हाती पडले की नाहीत ते पाहावे. गावाकडील गुरुजींस ती वही वाचून पुढील पान उघडता आले, म्हणजे आपले काम झाले.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावयाची आहेत. पहिले असे की आईबापांची संमती आणि मुख्याध्यापकांची माहिती ह्यांवाचून काही करू नये. मुलास एकान्तात भेटू नये. भेट नेहमी उघड्या जागी, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या समक्ष व्हावी. मुलावर अत्याचार झाल्याचे कळल्यास ते झाकू नये. २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. मूल कोणत्याही संकटात असल्यास १०९८ ह्या क्रमांकावर मदत मिळते. दुसरे पथ्य असे की ही मुले बहुतेक आपल्या धर्माची नाहीत, आणि आपण त्यांच्याकडे त्या हेतूने जात नाही. गरीब आणि अशिक्षित ह्यांच्या बाबतीत दडपण किंवा अप्रामाणिक आर्जव ह्यांची छायाही पडू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात बजावले आहे. लहान बालकाचा स्वीकार म्हणजे आपलाच स्वीकार, असे प्रभूने शिकविले. तेथे त्या बालकाची जात अथवा धर्म त्याने विचारला नाही.

बंधुभगिनींनो, निवृत्त शिक्षक, घरची कामे आटोपलेल्या माताभगिनी, महाविद्यालयात जाणारे तरुण, ह्यांपैकी प्रत्येकास हे जमण्यासारखे आहे. आपली पुस्तिका लोक काही दिवस वाचतील आणि मग कपाटात ठेवतील. परंतु पुढल्या दसऱ्यास गाड्या येऊन कोप्या उभ्या राहतील, तेव्हा एखादे मूल 'माझी ताई आली, माझे काका आले' म्हणून धावत आले, तर ह्या धर्मग्रामाचा महोत्सव सार्थकी लागला असे मी समजेन. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आज मिस्सानंतर आपली नावे धर्मगुरुवर्यांपाशी द्यावी. पवित्र मरिया आणि संत योसेफ, ज्यांनी स्वतः परक्या मुलखात आपले लेकरू सांभाळले, ती आपणांस हे कार्य शेवटपर्यंत नेण्याचे बळ मिळवून देवोत.