आमच्या घरचा ब्लॉक

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात सभासदांच्या मनोगताच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली बावीस वर्षे रुळांच्या देखभालीचे काम करतो आहे. माझे बोलणे होते ते लाइनवर, आणि तेही ओरडून, कारण शेजारून कोळशाची मालगाडी जात असते. त्यामुळे मध्येच आवाज चढला तर रागावलो असे समजू नका, ती सवय आहे!

सेक्रेटरी साहेबांनी विषय दिला, ‘सणाची सुट्टी आणि आपले घर’. रेल्वेवाल्याला सुट्टीवर बोलायला सांगणे म्हणजे एकादशीच्या दिवशी पुरणपोळीवर बोलायला लावण्यासारखे आहे. तुम्ही सणाला गाडीत बसता तेव्हा आम्ही रुळावर उभे असतो. दिवाळी आली की जादा गाड्या सुरू होतात. त्यात माझ्याकडची बरीच माणसे बिहारकडची. त्यांना छठ चुकवून चालत नाही. त्यांना सुट्टी द्यायची तर कोणीतरी थांबायला हवे, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा मीच असतो. लग्नाला एकवीस वर्षे झाली. त्यातल्या पाच-सहा दिवाळ्या सोडल्या तर लक्ष्मीपूजनाला मी कुठल्यातरी स्टेशनवर किंवा दोन स्टेशनांच्या मध्ये होतो. घरून डबा यायचा. त्यात करंजी, चकली, शेव सगळे असायचे. डबा उघडताना माझ्या मनात नेहमी एकच यायचे, बिचारी एकटी सण करते आहे, मी घरी असतो तर किती बरे झाले असते!

आज सांगायचे आहे ते २०२३ च्या दिवाळीचे. त्या वर्षी नशीब फळफळले आणि मला ११ ते १५ नोव्हेंबर अशी सलग पाच दिवस सुट्टी मिळाली. एरवी सुट्टी मिळाली तर आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जातो. पण बाबांचे गुडघे दुखत होते, आईलाही मुलाचे क्वार्टर नीट पाहायचे होते, म्हणून ते दोघे इकडे बिलासपूरला आले. बाबांची अट एकच, गावची मंडई भरायच्या आत परत पोचवायचे. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचे नाटक असते. ते चुकले तर बाबांना दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही.

त्या वर्षी पंचांगात एक गंमत होती. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी, १२ तारखेला आले होते. पाडवा मंगळवारी, १४ तारखेला. मधला सोमवार नुसताच मोकळा. सण नाही, पूजा नाही, काही नाही.

आमची सौभाग्यवती शाळेत शिकवते. शाळेतून आली की रात्री अकरापर्यंत फराळ, असे आठ दिवस चालले होते. रविवारी ती पहाटे चारला उठली. उटणे, तेल, पाणी तापवणे, ओवाळणे, नंतर फराळाची ताटे, नंतर स्वयंपाक. दुपारी बेंगळुरूला भारत आणि नेदरलँड्सची विश्वचषकाची मॅच होती. बाबा, मी आणि मुलगा टीव्हीसमोर बसलो. भारताच्या ४१० धावा झाल्या. त्या आम्ही एक-एक मोजल्या. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत हिच्या किती फेऱ्या झाल्या, त्या कोणी मोजल्या नाहीत. संध्याकाळी पूजा, मग जेवणे, मग भांडी. कामवाली बाई तिच्या घरी देवारीला गेलेली. साडेबाराला ही आडवी झाली. मी तेव्हा एक झोप काढून कूस बदलत होतो.

सोमवारी मी साडेनऊला उठलो. पाणी प्यायला निघालो तर स्वयंपाकघरात सासू-सुनेचे बोलणे चालले होते. आई म्हणत होती, “जाय, थोडी पडून घे.” ही म्हणाली, “पडून कसं चालेल, आई? सगळे घरी आहेत. खरं सांगू का, यांची ड्यूटी असते ना, तेव्हाच दिवाळी बरी जाते. एक डबा भरून दिला की झालं.”

मंडळी, मी तसाच मागे फिरलो. तहान राहून गेली. इतकी वर्षे मी समजत होतो की मी नसतो म्हणून हिची दिवाळी सुनी जाते. आणि इथे उलटेच! रागच आला आधी. पलंगावर बसलो. हिने तक्रार केली असती तर मी भांडलो असतो. पण ती तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे ती सांगत होती.

आता तुम्हाला आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. रूळ कितीही मजबूत असला तरी त्यावरून गाड्या जात राहिल्या की खालची खडी बसते, लेव्हल बिघडते, रूळ झिजतो. ते दुरुस्त करायचे तर काही तास त्या लाइनवरची वाहतूक बंद ठेवावी लागते. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक तोंडी मिळत नाही. कंट्रोलची मंजुरी लागते, स्टेशन मास्तरकडून प्रायव्हेट नंबर घ्यावा लागतो, वेळ लिहावी लागते. आपल्या विभागात कोळशाच्या गाड्या एकामागे एक, त्यामुळे ब्लॉक मागायला गेले की ऐकायला मिळते, आज नको, गाड्या खूप आहेत. पण आज नको, उद्या नको असे करत राहिले तर एक दिवस रूळ स्वतःच ब्लॉक घेतो. त्याला मग कोणाची परवानगी लागत नाही. हिवाळ्याच्या रात्री रूळ तुटल्याचा फोन आला की काय होते, ते माझ्या घरच्यांनाही पाठ आहे.

त्या पलंगावर बसून माझ्या लक्षात आले की घरात मला सुट्टी मिळाली, मुलाला मिळाली, बाबा तर कायमचे सुट्टीवर. त्या सगळ्या सुट्ट्यांच्या गाड्या एकाच लाइनवरून धावत होत्या. माझ्या गँगच्या माणसाला आठवड्याची रेस्ट दिली नाही तर मला वर जाब द्यावा लागतो. घरच्या माणसाबद्दल मला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, “आज दुपारचा स्वयंपाक माझा. रोडगे करतो.” हिने माझ्याकडे असे पाहिले, जसे आम्ही नव्या कंत्राटदाराकडे पाहतो.

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे. कणकेत मीठ, ओवा, तेलाचे मोहन घालायचे. छोट्या चार-पाच पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मोठ्या पारीत गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. सोबत तुरीचे वरण, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. हिवाळ्यात शेतात रोडग्यांच्या पार्ट्या होतात आणि तिथे पुरुष मंडळीच रांधतात. मीही पॉलिटेक्निकला असताना रांधले होते. म्हणजे येत होते सगळे, फक्त घराच्या भिंतीच्या आत येत नव्हते!

मुलाला सायकलवर दूधवाल्याकडे पिटाळले, तो पिशवीभर गोवऱ्या घेऊन आला. क्वार्टरच्या मागच्या अंगणात जाळ केला. बाबांनी न सांगता लसूण सोलायला घेतला. अडचण आली ती आईची. ती दारात उभी राहून म्हणाली, “काय करून राहिला रे तू? बायको झोपते अन् माणूस चुलीपाशी, कॉलनीतले लोकं काय म्हणतीन?” मी म्हटले, “लोक वास घेतील आणि जेवायला येतील.” ती रुसून आत गेली. पाच मिनिटांनी पाट घेऊन बाहेर आली आणि निखाऱ्यापाशी बसली. थोड्या वेळाने निखाऱ्याकडे पाहतच बोलली, “आमच्या सासरी दिवाळीत बायकांची पंगत चार वाजता बसे. भाजी संपलेली राहे. वरणात पाणी घालून जेवत होतो. आम्हाले कोणी विचारलंच नाही.” बाबांचा लसूण सोलणारा हात थांबला. ते काही बोलले नाहीत. मग आईच म्हणाली, “उलट ते रोडगं, जळून राहिलं!”

सहा रोडगे जळाले. वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडले, कारण एकदा मी टाकले आणि एकदा मुलाने. पण दोन वाजता पहिले ताट हिचे वाढले आणि तिला बसवले. जेवून ती झोपली ती साडेपाचपर्यंत. मी दोनदा दारातून डोकावून आलो. दिवसा तिला इतका वेळ झोपलेली मी फक्त बाळंतपणात पाहिली होती, त्यामुळे जरा भीतीच वाटली. उठल्यावर विचारले, “झोप लागली ना?” तर म्हणाली, “पहिला तासभर भांड्यांचे आवाज ऐकत होते. कढई फुटते की काय वाटत होतं.”

संध्याकाळी आम्ही दोघे मागच्या पायरीवर चहा घेत बसलो. मी सकाळी ऐकलेले सांगून टाकले. ती गप्प झाली. मग म्हणाली, “तुम्ही नसता तेव्हा वाईट वाटतंच हो. पण तुम्ही घरी आलात की घरात एक माणूस वाढतो, एक हात वाढत नाही.”

मंडळी, बावीस वर्षांत साहेबांनी खूप सुनावले आहे. इतके नेमके कोणी बोलले नाही.

मंगळवारी पाडव्याला मला ओवाळताना ती हसत होती. शेजारच्या छत्तीसगढी वहिनी अइरसे घेऊन आल्या. तांदळाचे पीठ आणि गूळ, आपल्या अनारशाचेच भावंड म्हणा ना. ही त्यांच्याशी तासभर गप्पा मारत बसली. एरवी ताटलीत फराळ भरून दारातूनच निरोप असायचा. भाऊबीजेला भारत-न्यूझीलंडची सेमीफायनल होती, शमीने सात विकेट काढल्या. ती मॅच आम्ही पाच जणांनी मिळून पाहिली आणि चहा मध्यंतरात मी केला. बाबांना मंडईच्या आत गावी पोचवले, हेही सांगतो, नाहीतर ते मला माफ करायचे नाहीत.

मी सुधारलो असे मात्र समजू नका. ब्लॉकनंतर लाइन एकदम पूर्ण वेगाला देत नाहीत. आधी ताशी वीस किलोमीटर, मग पंचेचाळीस, असे टप्प्याटप्प्याने वाढवतात. माझेही तसेच चालले आहे, अजून विसावरच आहे म्हणा! २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि मी पुन्हा लाइनवर होतो. पण ३ तारखेच्या भाऊबीजेच्या चौकोनात कालनिर्णयवर आधीच लिहून ठेवले होते, ‘ब्लॉक, १ ते ५’. लिहिले नाही तर तो मिळत नाही, हा आमच्या खात्याचा अनुभव. त्या वर्षी चकली विकत आणली. आई फोनवर म्हणाली, “विकतची?” आणि मग थोडे थांबून, “बरं झालं.”

आता शेवटचे. या हॉलच्या मागे जे दार आहे, ते स्वयंपाकघराचे. माझे भाषण चालू असताना तिथून झाऱ्याचा आवाज येतो आहे. उद्याच्या महाप्रसादासाठी आपल्या दहा-बारा भगिनी सकाळपासून आत आहेत. त्यांनी या दहा दिवसांतला एकही कार्यक्रम पूर्ण पाहिलेला नाही, आणि हे भाषणही त्या ऐकत नाहीत. ज्यांच्याबद्दल बोलतो आहे त्याच ऐकायला नाहीत! माझी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे की उद्या पहिली पंगत त्यांची बसवावी आणि वाढायला आपण पुरुषांनी उभे राहावे. वरणाची बादली मी घेतो. मिठाला मात्र हात लावणार नाही, तेवढा अनुभव गाठीशी आहे.



गणपती बाप्पा मोरया!