फ्रेम कुठे अडते?



रायट गेम्स या कंपनीने जून २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ हा खेळ आणला, तेव्हा त्यासाठी कसा संगणक लागेल याची यादीही दिली. सेकंदाला १४४ किंवा त्याहून जास्त फ्रेम (म्हणजे पडद्यावरची चित्रं) हव्या असतील तर कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं? यादीत नाव होतं जीटीएक्स १०५० टीआयचं. हे कार्ड २०१६ सालचं, आणि तेव्हाही ते महागड्या कार्डांत गणलं जात नव्हतं. मग याच खेळासाठी त्याच्या चौपट किमतीचं कार्ड घरात आणणाऱ्यांना नेमकं काय मिळतं? पुष्कळ घरांत काहीच नाही. पडद्यावरचा आकडा होता तिथेच राहतो, मुलगा म्हणतो कार्ड खराब निघालं, वडील दुकानदाराला फोन करतात. कार्ड चांगलं असतं. फ्रेम दुसरीकडेच अडलेली असते. ती कुठे अडते, हे मला आज सांगायचं आहे, कारण घरात एवढा पैसा असा चुकीच्या जागी जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांचा अशा शूटर खेळांशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून ‘काउंटर-स्ट्राइक’ तयार केला. पाच विरुद्ध पाच, एक बाजू बॉम्ब लावणार, दुसरी अडवणार. आजचा ‘काउंटर-स्ट्राइक २’ सप्टेंबर २०२३ चा असला, तरी हा प्रकार पंचवीस वर्षांहून जुना आहे. कोपऱ्यावर प्रतिस्पर्धी दिसायचा आणि आपण गोळी झाडायची, यात निकाल लागतो. म्हणून या खेळाडूला चित्र देखणं नको असतं, ताजं हवं असतं.

ताजेपणा मोजता येतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. १४४ ला ६.९, २४० ला ४.२, ३६० ला २.८. एवढ्या वेळात एक संपूर्ण चित्र शून्यापासून तयार व्हायला हवं, आणि ते दोन हातांतून जातं. पोळ्यांचं उदाहरण घ्या. एकजण लाटतो, दुसरा भाजतो. प्रोसेसर लाटणारा, ग्राफिक्स कार्ड भाजणारं. ताटात किती पोळ्या पडतात हे दोघांपैकी जो हळू असेल त्याच्यावर ठरतं. दुसऱ्याला कितीही वेगवान करा, ताटात भर पडत नाही.

लाटण्यात काय काय येतं? माउस कुठे हलला ते वाचणं, सर्व्हरकडून आलेली माहिती उलगडणं, दहा खेळाडूंच्या जागा ठरवणं, प्रत्येकाच्या हातापायांची हालचाल बसवणं, फेकलेल्या ग्रेनेडची उडी मोजणं, भिंतीमागून येणाऱ्या पावलांचा आवाज कोणत्या दिशेने ऐकवायचा हे काढणं, या क्षणी काय दिसतं आणि काय झाकलेलं आहे हे चाळणं, आणि शेवटी कार्डाला एकेक हुकूम देणं. हे सगळं प्रोसेसरचं काम. कार्ड त्या हुकमांनुसार त्रिकोण मांडतं आणि रंग भरतं.

लाटण्याच्या कामाचा पडद्यावरच्या बिंदूंशी जवळजवळ काही संबंध नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. १९२० बाय १०८० च्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात, फोर-के मध्ये त्याच्या चौपट. कार्डाचं ओझं त्या प्रमाणात वाढतं. प्रोसेसरला मात्र दहा खेळाडू दहाच राहतात. काउंटर-स्ट्राइकचे अनेक व्यावसायिक खेळाडू आजही १२८० बाय ९६० वर खेळतात, म्हणजे बारा लाखांच्या थोडं वर. शिवाय बहुतेक सजावट कमी केलेली. अशा वेळी मधल्या वर्गातलं कार्डसुद्धा आपला वाटा चटकन उरकून मोकळं होतं, आणि सगळं चित्र प्रोसेसरसाठी खोळंबतं.

इथे एक फसवा पुरावा समोर येतो. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर तीस टक्के, कार्ड साठ टक्के. मग वाटतं, दोघंही निवांत आहेत. तसं नसतं. आठ कोअरच्या पुष्कळ प्रोसेसरांवर विंडोज सोळा धागे (थ्रेड) मोजते, त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात सव्वासहा टक्केच दिसतात. खेळाचं मुख्य काम एकामागून एक असंच करावं लागतं. कोण कुठे आहे हे ठरल्याशिवाय गोळी लागली का ते ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय पुढचं चित्र मांडता येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा मांडली होती. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. म्हणून सोळा कोअरचा प्रोसेसर व्हिडिओ संपादनात राजा असला, तरी या खेळात आठ वेगवान कोअर पुरतात.

वेगवान म्हणजे किती गिगाहर्ट्‌झ, असं आपण विचारतो. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला आणि तो प्रश्नच अपुरा ठरला. आधीचा ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत जायचा, हा नवा फक्त ४.५ पर्यंत. कोअर तेवढेच, घडणही तीच. फरक एवढाच की आधीच्यात एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, ३२ एमबी होती, यात चिपवर जादा थर चढवून ती ९६ एमबी केली. घड्याळ हळू असूनही पुष्कळ खेळांत तो आपल्या भावंडापुढे गेला.

असं का व्हावं? खेळाची माहिती सलग नसते. खेळाडू, बंदूक, दरवाजा, धुराचा ढग यांच्या नोंदी मेमरीत विखुरलेल्या असतात. हवी ती नोंद कॅशमध्ये सापडली तर साधारण दहा नॅनोसेकंदांत हाती येते. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि त्याला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात. ४.५ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर तेवढ्यात तीनशेहून अधिक ठोके मोजतो, आणि त्यातले बरेचसे नुसते वाट पाहण्यात जातात. मोठ्या कॅशने हे हेलपाटे वाचवले. पुढे एप्रिल २०२३ चा ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ चा ९८००एक्स३डी याच वाटेने आले. शेवटच्यात जादा कॅश कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवली, त्यामुळे उष्णता सहज बाहेर पडते आणि घड्याळही वाढवता आलं. खेळासाठी इतक्या नेमक्या हेतूने केलेली दुसरी सुधारणा गेल्या दहा वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

आता सरासरीबद्दल. कोणी सांगतं, माझ्याकडे २८० फ्रेम मिळतात. कधी मिळतात? मोकळ्या गल्लीतून धावताना. काउंटर-स्ट्राइकच्या मिराज नकाशात ए साइटवर चढाई होते तो क्षण डोळ्यांपुढे आणा. स्टेअर्स, जंगल आणि सीटी या जागांवर धूर पडलेला, दोन फ्लॅश फुटलेले, मोलोटोव्ह पेटलेला, सात-आठजण एका चौकात, सगळे गोळ्या झाडत आहेत. काउंटर-स्ट्राइक २ मधला धूर आकारमान असलेला आहे, गोळीने त्यात भोक पडतं, ग्रेनेडने तो फाकतो. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचंही काम एकदम चढतं, आणि फेरीचा निकाल नेमका याच सेकंदात लागतो. म्हणून मोजमाप करणारे लोक ‘एक टक्का लो’ हा आकडा काढतात, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग. सरासरी २८० आणि लो ९० असलेल्या यंत्रापेक्षा सरासरी २२० आणि लो १६० असलेलं यंत्र मी डोळे मिटून निवडेन. निशाणा धरणाऱ्या हाताला एकसारखी लय लागते. हा लो आकडा सावरायला प्रोसेसर, कॅश आणि रॅम यांचा हातभार सर्वांत मोठा असतो.

याच्या उलटही घडतं. जुनं किंवा लहान कार्ड, पडदा मोठा, सजावट पूर्ण चढवलेली. मग भाजणारा मागे पडतो आणि लाटलेल्या पोळ्यांची चळत साचते. प्रोसेसर पुढच्या फ्रेम तयार करून रांगेत ठेवतो, आणि पडद्यावर येतं ते काही मिलिसेकंदांपूर्वीचं जग. फ्रेमचा आकडा बरा दिसतो, पण माउस जड वाटतो. एनव्हिडियाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘रिफ्लेक्स’ आणलं ते ही रांग मोडायला. ते प्रोसेसरला योग्य क्षणापर्यंत थांबवून ठेवतं. व्हॅलोरंटमध्ये आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ही सोय आहे, ती चालू ठेवा. एएमडीने ‘अँटी-लॅग प्लस’ काढलं तेव्हा त्यांचा ड्रायव्हर खेळाच्या आतल्या कोडमध्येच हात घालत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या व्हॉल्व कंपनीच्या फसवणूकरोधक यंत्रणेने त्यामुळे प्रामाणिक खेळाडूंवरही बंदी घातली, आणि एएमडीला ती सोय मागे घ्यावी लागली. २०२४ मध्ये ‘अँटी-लॅग २’ आलं, ते खेळातच रीतसर बसवलेलं. रांग टाळण्याचा आणखी साधा उपाय म्हणजे कार्ड ९९ टक्क्यांवर टेकणार नाही इतकी फ्रेमची मर्यादा घालणं.

जोडीबद्दल आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. कार्डाचा ड्रायव्हर चालतो प्रोसेसरवर. म्हणजे कार्ड बदललं की लाटणाऱ्याचं कामही थोडं बदलतं. ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या ऑस्ट्रेलियन परीक्षकांनी २०२१ मध्ये दाखवलं की डायरेक्टएक्स १२ वरच्या काही खेळांत, प्रोसेसर दुबळा असेल तर एनव्हिडियाची कार्डं एएमडीच्या तोडीच्या कार्डांपेक्षा मागे पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं आर्क बी५८० आलं, किमतीच्या मानाने उत्तम म्हणून गाजलं. महिन्याभरातच दिसून आलं की रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर त्याची ताकद बरीच वाया जाते, ५६०० बरोबरही काही खेळांत घट दिसते. ज्या गरीब घरासाठी ते स्वस्त कार्ड होतं, त्याच घरात जुना प्रोसेसर असण्याची शक्यता जास्त, हे मला फार लागलं. रेडिऑन ६५०० एक्सटीचंही तसंच. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन आहेत. नव्या बोर्डावर ते चालून जातं, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर लंगडतं. बॉटलनेक कॅल्क्युलेटर नावाचे हिशोब ‘तुमच्या जोडीत बारा टक्के अडथळा’ असं छापतात, त्यावर म्हणूनच विसंबू नका. खेळ, पडदा आणि सेटिंग सांगितल्याशिवाय त्या बारा टक्क्यांना अर्थ नसतो.

आपल्याकडच्या दोन सवयी मला इथे बोलून दाखवायच्या आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून संगणक असेम्बल करून घेताना सोळा जीबीची एकच रॅमकांडी घालायची आणि ‘दुसरी पुढे टाकू’ म्हणायचं, ही पहिली. डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन कांड्या दोन चॅनेलवर मिळून ५१.२. आठ-आठच्या दोन घेतल्या तर खर्चात फारसा फरक पडत नाही आणि प्रोसेसरचा रस्ता दुप्पट रुंद होतो. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, चालू केलेली नसते ही दुसरी. ३२०० ची म्हणून पैसे मोजलेली रॅम मग २१३३ किंवा २६६६ वर वर्षानुवर्षं चालते. आणि विदर्भातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको, पण मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतील तर गेमिंग लॅपटॉपमधला प्रोसेसर आणि कार्ड एकाच पंख्यांवर आणि एकाच वीजमर्यादेत भांडत असतात, दोघांनाही वेग उतरवावा लागतो. केवळ शूटरसाठी म्हणून घेत असाल तर माझा कौल डेस्कटॉपला.

हे सगळं स्पर्धात्मक शूटरपुरतं आहे. ‘सायबरपंक २०७७’ सारखा देखणा कथाखेळ मोठ्या पडद्यावर खेळायचा असेल, तर पैसा कार्डावरच घाला, तिथे भाजणाऱ्याचं काम अवाढव्य असतं. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ, जास्त असेल तर तो कोणत्याही कार्डाने कमी होत नाही. सुदैवाने व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर असेल, तर पुढचा रुपया प्रोसेसरवरही नको, आधी १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घ्या, आणि विंडोजमध्ये तो खरोखर १४४ वर लावलेला आहे का ते पाहा.

आणि नवं कार्ड घ्यायचं ठरवलं असेल, तर त्याआधी घरी ही तपासणी करा. व्ही-सिंक बंद करा, फ्रेमची मर्यादा काढा, भरलेल्या डेथमॅचमध्ये शिरा आणि १९२० बाय १०८० वर किती फ्रेम मिळतात ते लिहून ठेवा. मग रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करून पुन्हा खेळा. आकडा चांगला वाढला, तर कार्ड अडवत होतं, जरूर बदला. आकडा जागचा हलला नाही, तर आधी दुसरी रॅमकांडी, एक्सएमपी आणि पंख्यातली धूळ पाहा, मग आपल्याच बोर्डावर कोणता वरचा प्रोसेसर बसतो ते विचारा. एएमडीच्या २०१७ पासूनच्या एएम४ बोर्डांपैकी पुष्कळांवर, बायोस अद्ययावत केल्यावर, ५८००एक्स३डी सुद्धा चालतो. त्या स्थितीत नवं ग्राफिक्स कार्ड मात्र घेऊ नका.